मडमेचा फोन

हे मी कुणालाच सांगितलेलं नाय. आईला नाय, दोस्तांना नाय, दारू पिऊन पण नाय — आणि दारू पिऊन मी काय काय बरळतो ते रामवाडीत कुणालाही विचारा. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाय. आणि एक आधीच बोलून ठेवतो, मला समजून-बिमजून घ्यायला जाऊ नका. तेवढ्यासाठी नाय सांगत.

मी आवाज काढतो. नकला. शाळेत हेडमास्तरांच्या आवाजात वर्ग सोडून दिला होता — अख्खा वर्ग घरी गेला, मार मी खाल्ला. एसटीचा कंडक्टर, मासळीवाली मावशी, बँकेतला तो नाकात बोलणारा साहेब, कुणाचाही आवाज सांगा. बाईचा तर असा काढतो की तिचा नवरा फसेल. पेणमध्ये आमचं झेरॉक्सचं दुकान, ऑनलाइन फॉर्म पण भरून देतो. गिऱ्हाईक पायरी उतरलं की त्याची नक्कल सुरू. एवढंच येतं मला. बाकी काय? रोह्याच्या कॉलेजात बीएस्सीला दोनदा नापास.

सायली पास झाली. पहिल्या वर्गात. एकाच एसटीने जायचो आम्ही रोह्याला, तीन वर्षं. खाडीकडच्या गावातली ती, मिठागरवाल्यांची. आजा मिठागरात राबला, बाप डोलवीच्या कंपनीत कंत्राटावर. लव्हस्टोरी शोधताय? नाय हो. मला ती आवडायचीच नाय. मी नकला करायचो, सगळी गाडी हसायची, आणि ही खिडकीशी वही उघडून बसलेली. त्या वहीचा राग यायचा मला. आणि ती पास झाल्यावर तर — राग म्हणायचं का त्याला? राग बरा असतो, उतरतो तरी.

इंग्लंडातल्या एका युनिव्हर्सिटीने तिला घेतलं. खाडीचं पाणी तपासायचं असलं कायतरी शिकायला, आणि अर्धी फी माफ. फॉर्म कुणी भरला? मीच, आमच्या दुकानात. म्हणून तो नियम मला तोंडपाठ. ॲडमिशन झाली म्हणून व्हिसा देत नाय ते. आधी युनिव्हर्सिटीचं एक पत्र लागतं, आणि पत्राच्या आधी तिकडून फोन येतो. कधी? त्या आठवड्यात, दुपारी, कधीही. हाच कोर्स का, तुमच्या देशात का नाय, शिकून परत जाणार का? पोरगी खरंच शिकायला येतेय की तिकडेच राहायला, ते बघायचं. एकच फोन. त्यात पटलं नाय तर पत्र नाय, आणि पत्र नाय तर व्हिसा नाय. म्हणजे समोरचा चोर आहे असं धरूनच हॅलो म्हणायचं! असल्या नियमावर थुंकावं. मी थुंकलो नाय, वापरला.

सायली दुकानात आली. "निल्या, तू घे ना माझी प्रॅक्टिस. तुला येतो ना तो गोऱ्यांचा आवाज."

घेतली की. दुकानातल्या कॉम्प्युटरवरून लावायचो, तिच्या मोबाइलवर कसलातरी लांबलचक नंबर दिसायचा. कधी साहेब, कधी मडम. पहिले दोन फोन अगदी नीट घेतले. मग मजा यायला लागली. मडम मध्येच विचारणार, "मिस सायली, सुका जवला कसा करते तुमी?" ती ओरडणार, "मेल्या!" मी इकडे लोळतोय. दिवसाला तीन-तीन फोन. शेवटी शेवटी तर नुसती रिंग वाजली तरी ती म्हणायची, आला निल्या. हे मुद्दाम केलं का? तेव्हा नाय. तेव्हा ती मस्तीच होती. आणि इथपर्यंतचं सगळ्या गावाला माहीत आहे.

पुढचं अर्धंच माहीत आहे.

मंगळवारी सकाळी मी मडम होऊन एक फोन केला. तिने ओळखला, दोन शिव्या घातल्या. दुपारी दीडच्या सुमाराला खरा फोन आला. खरी मडम. सायली बापाला वाढत होती, त्याला सेकंड शिफ्ट गाठायची होती. मडमेने नाव विचारलं, कोर्स विचारला, आणि ही म्हणाली, "ए मुडद्या, तुला कामधंदा नाय काय? ठेव फोन, नायतर दुकानात येऊन तुझीच झेरॉक्स काढीन!" आणि कापला.

मी तेव्हा दुकानात एकटाच, वडापाव खात होतो. तिचा मेसेज आला. "आत्ताची मडम तूच होतास ना?" लगेच दुसरा. "तू नसशील तर सांग. नंबर हाय, आत्ताच्या आत्ता लावते, सॉरी बोलते. निल्या खरं सांग."

दोनदा वाचला मी तो.

इथे — इथे मी नेहमी थांबतो. मनातल्या मनात सांगतो तेव्हा पण.

तो फोन मी केला नव्हता, हे एकाच माणसाला नक्की माहीत होतं. तिला नाय, त्या मडमेला नाय. मला. "मी नाय गो, लाव लवकर" — एवढंच लिहायचं होतं. किती वेळ लागतो?

मी लिहिलं, "मीच. ओळखलंस की!" आणि पुढे तीन हसरी तोंडं.

चुकून नाय. घाईत नाय. तेलाचे हात होते, ते कागदाला पुसले आणि मग लिहिलं. आणि लिहिल्यावर मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं. उरलेला वडापाव चवीने खाल्ला.

दोन दिवसांनी मेल आली. उत्तरं समाधानकारक नाहीत, पत्र मिळणार नाही. ती मेल छापायला सायली आमच्याच दुकानात आली. मी कपाळावर हात मारून म्हटलं, "अगं, मला वाटलं तू सकाळच्या फोनचं विचारतेस!" सकाळी पण मडमच होती ना. पटलं तिला. पटलं! वर मलाच म्हणाली, "तुझी काय चूक? माझंच तोंड सुटतं."

तिने मेलवर मेल पाठवल्या. उत्तर एकच, नियम म्हणजे नियम, पुढच्या वर्षी या. पुढच्या वर्षी ती अर्ध्या फीची माफी नव्हती. बापाने सगळ्या शिफ्टला सांगून ठेवलं होतं, माझी पोर विमानात बसणार हाय; नंतर कितीतरी दिवस तो डबा एकट्यानेच खायचा म्हणे. सायली आता रोह्याला एका केमिकल कंपनीत लॅबमध्ये आहे. त्याच एसटीने जाते.

आणि मी काय केलं? त्याचा आयटम केला. गणपतीत मंडळाच्या स्टेजवर, लग्नात, कुणाच्या हळदीला, लोक ओरडतात, "निल्या, मडमेचा फोन कर!" मी दोन्ही आवाज काढतो. मडमेचा तर मी ऐकलेलाच नाय, बनवलाय. आणि सायलीचा. "ए मुडद्या"ला टाळ्या पडतात. मेसेजचा भाग त्यात नाय.

गेल्या हळदीला ती समोरच बसली होती, बायकांत. मला वाटलं, उठून जाईल. नाय गेली. तोंडावर ओढणी धरून हसली, आणि बाजूच्या काकीला म्हणाली, "अस्संच बोललेली मी काकी, अगदी अस्संच."

मी ऐकलं ते. आयटम तिथेच संपत होता. मी मडमेला परत एकदा फोन लावायला लावला.