भाचीची स्थळं आणि माझा फिल्टर

आजवर मी अकरा मुलांच्या बापांना पोलिसांत देण्याची धमकी दिली आहे, आणि त्यातल्या एकाशी आता आमची सोयरीक आहे.

माझी थोरली बहीण शिरूर अनंतपाळला असते. तिची मुलगी प्रणिता लातूरला माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली आणि घरात स्थळं बघायची घाई सुरू झाली. स्थळं बघणं हे मामाचं काम, म्हणून मी ते अंगावर घेतलं. (कुणी दिलं नव्हतं.) सगळे म्हणाले, बायोडाटा व्हॉट्सॲपवर टाका. मी साफ नकार दिला. पोरीचा फोटो गावभर फिरायला ती काय निवडणुकीला उभी आहे? "सगळं रीतसर मेलवर येईल," मी जाहीर केलं आणि बायोडाट्याखाली माझा मेलचा पत्ता ठळक अक्षरांत छापला.

त्या एका पत्त्यानं माझं वाटोळं केलं. कुठून कुणास ठाऊक, तो साऱ्या भोंदूंना मिळाला! रोज वीस-वीस मेल. वास्तुदोष काढतो, मंगळ शांत करतो, हा मेल एकवीस जणांना पाठवा नाहीतर घरावर संकट येईल. पहिल्या दिवशी मी खरंच एकवीस जणांना पाठवला. (आमच्या शाळेत शिक्षक अठराच आहेत. उरलेले तीन शिपायांना धाडले.)

शेवटी मी रफीकभाईंकडे गेलो. अहमदपूरच्या बसस्टँडजवळ त्यांचं झेरॉक्स आणि कॉम्प्युटरचं दुकान आहे.

"सर, फिल्टर लावा ना," ते म्हणाले. "कचरा मेलात एक शब्द सारखा येतो का बघा. तो शब्द त्यात टाकला की मेल सीधा कचऱ्यात."

"आणि पाठवणाऱ्याला चांगलं सुनावता येतं का?"

"येतं की. जवाब लिहून ठेवा, आपोआप जातो. पण सर, जरा सबुरीनं!"

सबुरी? मी गणिताचा मास्तर! घरी येऊन सगळे मेल उघडले, समान अवयव काढावा तसा समान शब्द शोधला, आणि सापडला! प्रत्येक भोंदू मेलच्या डोक्यावर एकच ओळ होती : ॥ श्री गणेश प्रसन्न ॥

फिल्टर लावत होतो तेवढ्यात बायको चहा घेऊन आली.

"अवो, हे काय करून राहिले? गणपतीलाच अडवून राहिले का?"

"तुला न्हाई कळायचं," मी म्हणालो. (ही ओळ मी आता घरात वापरत नाही.)

मग आपोआप जाणारा जवाब लिहिला, अगदी मन लावून. 'महोदय, आपला मेल मिळाला. असले धंदे आमच्याकडे चालत नाहीत. आपलं नाव, गाव आणि फोटो पोलीस ठाण्यात देण्यात येत आहेत. पुन्हा तोंड दाखवू नका. आपला स्नेहाभिलाषी.' शेवटची ओळ माझ्या प्रत्येक मेलला आपोआप लागते, त्याला मी काय करणार?

दुसऱ्या दिवसापासून मेलपेटीत शुकशुकाट झाला. काय समाधान वाटलं म्हणून सांगू! मी शिक्षकांच्या खोलीत त्यावर छोटंसं व्याख्यानसुद्धा दिलं.

दोन महिने गेले. भोंदू गेले तसे सोयरेही गेले. एकही स्थळ येईना! ताईचा आठवड्याला येणारा फोन रोज यायला लागला.

"दत्ता, काय आलं का रे?"

"न्हाई गं ताई."

"लोकं काय बाय बोलून राहिलेत. पोरीतच खोट हाय म्हणतेत. मी सोमवार धरलेत, पोरगी माझ्यासमोर जेवत न्हाई. तू नीट बघून राहिलास ना?"

"रोज बघतो!" आणि मी खरंच रोज बघत होतो. रिकामी पेटी उघडायचो, बंद करायचो. ताईचा आवाज बसत चालला होता. मला फार वाईट वाटायचं, म्हणून मी फिल्टर आणखी कडक केला. नुसतं 'प्रसन्न' असलं तरी कचऱ्यात!

अशात एका नातेवाइकानं कळवलं, की बिलोलीच्या कदमांनी मुलाची माहिती मेलवर पाठवली आहे. मुलगा कृषी खात्यात आहे, स्थळ सोडू नका. मी पेटी पाहिली. काही नव्हतं. लगेच कदमांचा पत्ता मिळवून नम्र मेल केला : 'आपली माहिती मिळाली नाही. कृपया पुन्हा पाठवावी, आम्ही आतुरतेनं वाट पाहतो आहोत.'

काही आलं नाही. चार दिवसांनी आणखी नम्र मेल केला. तरी नाही. तिसऱ्यांदा तर मी 'आपल्या पायांशी आमची भाची' इथपर्यंत खाली आलो! पाठवलेल्या मेलांचा कप्पा उघडून बघायचं कधी सुचलं नाही. काय पाठवलं ते आपल्याला ठाऊकच असतं की!

त्या रविवारी ताई आणि प्रणिता माझ्याकडे आल्या होत्या. अकराच्या सुमारास दारात एक उंच, मिशाळ गृहस्थ येऊन उभे राहिले. हातात पिशवी, डोळे लाल.

"स्नेहाभिलाषी कोण हाय हितं?"

मी हात वर केला. वर्गात पोरं करतात तसा.

"मी बिलोलीचा कदम. तीस वर्षं एस्टीत कंडक्टर होतो. लोकांना मी खाली उतरवलं, मला कुणी उतरवलं न्हाई!" त्यांनी मोबाइल माझ्या नाकापुढे धरला. "तुमीच बोलावता, तुमीच हाकलता. पुन्हा बोलावता, पुन्हा पोलिसात देता. डोकं ठिकाणावर हाय का?"

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी कॉम्प्युटरकडे पळालो. कचऱ्याच्या पेटीत कदमांचे दोन मेल होते, उदगीरच्या डॉक्टरांचा एक, नांदेडच्या प्राध्यापकांचा एक. प्रत्येकाच्या डोक्यावर श्री गणेश प्रसन्न! लग्नाची माहिती दुसरं काय लिहून सुरू करतात? महिन्याच्या आधीचे तर आपोआप पुसलेसुद्धा गेले होते. पाठवलेल्यांच्या कप्प्यात धमक्या मोजल्या. त्यांत सोयरेच अकरा जण!

"दत्ता," ताई हळूच म्हणाली, "माझे सात सोमवार झाले रे." मला भुईत गडप व्हावंसं वाटलं.

तेवढ्यात प्रणितानं कदमांच्या हातातला मोबाइल घेतला आणि मोठ्यानं वाचायला लागली. 'फोटो पोलीस ठाण्यात देण्यात येत आहेत' इथं तिला हसू फुटलं. 'आपला स्नेहाभिलाषी'ला तर ती खालीच बसली. दोन महिन्यांत तिला असं हसताना कुणी पाहिलं नव्हतं. ताईनं डोळ्यांना पदर लावला.

कदम तिच्याकडे बघत राहिले. मग मिशी हलली.

"आमचं पोरगं बी असंच हसत होतं. म्हणलं, बाबा, जाऊन तर बघा, मान्सं मजेशीर दिसून राहिलेत."

"मग त्यांना का नाही आणलं?" प्रणितानं विचारलं.

"खाली रसवंतीवर बसवलंय. पोलीस असले तर दोघं कशाला सापडायचं?"

महिन्याभरात अहमदपूरलाच लग्न ठरलं. पत्रिका, आमंत्रणं, मानपान, कशालाच ताईनं मला हात लावू दिला नाही. फार गयावया केल्यावर तिनं मांडवाच्या दारातल्या चपला माझ्या ताब्यात दिल्या. "एवढं तरी नीट बघ," म्हणाली. मी जीव ओतला. जोड्या लावल्या, रांगा पाडल्या, आणि एक जुनाट, टाच झिजलेला जोड संशयास्पद वाटला म्हणून उचलून कचऱ्याच्या गाडीत टाकला.

कदम बिलोलीला अनवाणी गेले.