तळहातावरची सूत्रं

बाळांनो, डोळखांबहून शहापूरला येताना एसटीत माझ्या शेजारी दहावीतली एक मुलगी बसली होती. पायांत धुळीने माखलेले धावायचे बूट, मांडीवर परीक्षेचं पॅड. ओल्या रुमालाने ती डावा तळहात सारखा घासत होती. त्यावर भूमितीची सूत्रं लिहिलेली होती.

"कॉपी का गं?" मी विचारलं.

"नाय ओ आजी! धावताना पुस्तक कसं धरणार? हातावर लिवते नि चढावर पाठ करते. आज पुसायचं राहिलं. पकडलं तर वर्ष जाईल, नि घरचे धावणंपण बंद करतील."

पेपरला वीस मिनिटं उरली होती आणि शाई जात नव्हती.

"मूठ मिटून आत जा," मी म्हटलं.

"लपवलं तर मग कॉपीच झाली ना?"

मी तिच्यासोबत उतरले. शाळेच्या फाटकाशी मुलांची झडती घेणाऱ्या बाईंसमोर तिने आपणहून हात पुढे केला.

"हे काय?" बाई कडाडल्या.

तिने हात पाठीमागे नेला आणि जागच्या जागी धावत सगळी सूत्रं घडाघडा म्हटली. बाईंनी पर्समधलं सॅनिटायझर तिच्या तळहातावर ओतलं.

हात कोरा करून ती आत गेली. मूठ मिटायला सांगणारी मी फाटकाबाहेर उभी राहिले.