तरियेचा शालू

मनकर्णाबाईंच्या नादी लागायला छत्तीसगढमधल्या जुनवानीत कोणी धजत नाही. नवरा शेषराव कारखान्यात भट्टीपुढे जन्म काढून निवृत्त झाला, पण घरात त्याचा आवाज कधी चढला नाही. भंडाऱ्याकडून आलेल्या या बाईंनी घरामागची तरिया, म्हणजे तिथला तलाव, आपलाच मानला. छत्तीसगढी रिवाजाप्रमाणे पाण्यात सरईच्या लाकडाचा खांब रोवून तरियेचं लग्न लागलं, तेव्हा नवरीची आई म्हणून याच मिरवल्या. पुढे जलकुंभी, आपली जलपर्णी, माजली, पाणी दिसेनासं झालं. बायका म्हणाल्या, हा नवरीचा हिरवा शालू, हात लावू नका. जलकुंभी ओढायला आलेल्या पोरांना तर बाईंनीच पिटाळलं.

मग प्लॉट पाडणारा बिल्डर नकाशा नाचवत आला. "देखो अम्मा, सॅटेलाइट में पानी है ही नहीं." तहसीलदार साहेबांपुढच्या सुनावणीत तो नकाशा मान्य झाला की मुरूम टाकून तरिया बुजवणार होता.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाची रेणू रायपूरला नकाशांच्याच कामात. तिला त्यांनी फोनवर फैलावर घेतलं, "तुमचा तो वरचा आंधळा हाये का?"

"नाही मावशी. त्याचा रडार खाली लहरी सोडते. सपाट पाण्यावरून त्या भलतीकडंच निसटतात, म्हणून चित्रात पाणी काळं येते. पानांवरून मात्र वापस येतात. तुमची तरिया त्याले वावरासारखी दिसून राहिली."

म्हणजे घात घरचाच. बाईंना ते फार झोंबलं. सकाळी पदर खोचून त्या पाण्यात उतरल्या.

"बाई, नवरीचा शालू कावून फेडता?" काठावरून शेजारीण कौशल्या ओरडली.

"शालूनं नवरीच गिळली, तर त्याले काय चाटू? तू ये अंदर!"

कौशल्या उतरली, मग गल्लीतल्या बाकीच्या बायकाही उतरल्या. अंगाला खाज सुटली, कंबरा धरल्या, काठावर जलकुंभीचे ढीग लागले. एकमेकींना शिव्या देत त्यांनी पाणी मोकळं केलं.

सुनावणीआधी उपग्रह पुन्हा वरून गेला. रेणूनं नवं चित्र पाठवलं, त्यात घरांमागे काळाकुट्ट डाग होता. बाईंनी ते छापून घेतलं आणि साहेबांच्या टेबलावर आदळलं. तरिया बुजवायची परवानगी नाकारली गेली.

बाहेर बिल्डर कुत्सित हसला. "जलकुंभी तो फिर आएगी, अम्मा."

"येऊ दे ना," मनकर्णाबाई म्हणाल्या. "मी कोठं चालली?"