शेजारच्या सीटवरचं व्हेरी गुड

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवतात. स्कूल म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता आणि दारात उभी असलेली पांढरी गाडी. त्यांना गावात कुणी नावानं ओळखत नाही. ‘व्हेरीगुड मास्तर’ म्हटलं की शेंबडं पोरही बोट करून दुकान दाखवतं.

हे नाव त्यांनी घाम गाळून कमावलंय. शिकायला आलेला माणूस गाडीत बसला, व्हेरी गुड. त्यानं किल्ली फिरवली, व्हेरी गुड. मागं घ्यायची गाडी त्यानं पुढं नेली, तरी “गुड, गुड, आता जरा याच्या उलट करू.” मी सख्खी मेहुणी असल्यामुळे मला त्यांची भाषा कळते. ‘ओके’ म्हणजे गाडी रस्त्यावर आहे. ‘फाइन’ म्हणजे रस्त्यावर आहे, पण चुकीच्या बाजूला. ‘नाइस’ ऐकू आलं की समजावं, एखादा सायकलवाला थोडक्यात वाचला. त्या गाडीत ‘एक्सलंट’ मी फक्त एकदा ऐकलंय. तेव्हा समोरून ट्रक येत होता आणि शिकणाऱ्या बाईंनी डोळे मिटून घेतले होते.

घरीही हाच कारखाना. ताईनं भाजीत मीठ दोनदा घातलं तर भाजी ‘सुपर’. माझ्या भाचीनं लहानपणी घोडा काढला तो ‘ग्रेट’. पोरीला वाटलं आपण चित्रकार. कॉलेजातल्या सरांनी तिचा घोडा बघून विचारलं, “टेबलाला शेपूट का काढलंस?” मग ती गाण्याकडे वळली आणि स्पर्धेच्या पहिल्याच फेरीतून घरी आली. दर वेळी ती रडायची आणि दर वेळी भाऊजी तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगायचे, “परीक्षकांना काय कळतंय? तू एक्सलंटच आहेस.” असं करत करत पोरगी पंचविशीला आली आणि तिला नेमकं काय येतं हे तिलाही माहीत नव्हतं.

आता त्या गाडीतली गंमत सांगते. शिकवायच्या गाडीत मास्तरांच्या पायाशीसुद्धा एक ब्रेक असतो. तो अडीअडचणीला वापरायचा. मी बाजारात जाताना पुष्कळदा फुकटात मागच्या सीटवर बसायचे, तेव्हा पुढं काय चालतं ते मला नीट दिसायचं. शिकणारा स्टिअरिंग धरून राजासारखा बसलेला आणि इकडे भाऊजींचा पाय शिलाई मशीन चालवावी तसा अखंड चाललेला. गाडी सिग्नलला बरोब्बर थांबायची. शिकणारा फुशारून जायचा. भाऊजी म्हणायचे, “व्हेरी गुड! काय कंट्रोल आहे तुमचा!” लायसन्सच्या परीक्षेलाही हीच गाडी आणि शेजारी हेच मास्तर. परीक्षा घेणारे साहेब मागं बसून फोन बघायचे. त्यामुळे भाऊजींचा एकही विद्यार्थी आजवर नापास झालेला नाही. गावातल्या गाड्यांचे बंपर बघितले की त्यांचं यश डोळ्यांत भरतं.

मी ताईला हे सांगितलं होतं. ताई म्हणाली, “अगं, माणसं हसत घरी जातात. तुझ्या का पोटात दुखतंय?”

माझ्या पोटात दुखायचं कारण म्हणजे भाचीही त्याच गाडीवर शिकली होती. रक्तपेढीला ड्रायव्हर हवा होता. रक्ताच्या पिशव्या पेढीतून हॉस्पिटलांत वेळेवर पोचवायच्या, असं काम. भाचीनं अर्ज केला आणि तिला चाचणीला बोलावणं आलं. ती माझ्याकडे धावत आली. “मावशी, गाडी मला खरंच येते गं. एवढं एकच मला येतं.” तिचा चेहरा उजळला होता.

मी तडक भाऊजींच्या दुकानात गेले.

“भाऊजी, तिला खरं काय ते सांगा.”

“काय सांगायचं? छान चालवते ती.”

“कुणाच्या पायानं?”

भाऊजी फडकं घेऊन स्वच्छ काच पुन्हा पुसायला लागले. “आता ऐन वेळी सांगून तिचा कॉन्फिडन्स घालवू का? होईल सगळं फाइन.”

‘फाइन’चा अर्थ मला माहीत होता. त्या फडक्यानं त्यांचंच तोंड पुसावं असं मला वाटलं.

चाचणी पेढीच्या आवारात होती. व्हॅन पेढीची, म्हणजे शेजारी दुसरा ब्रेक नाही. चाचणी घ्यायला पेढीचे म्हातारे ड्रायव्हर बसले होते. त्यांना आता निवृत्त व्हायचं होतं. भाऊजी, ताई आणि मी कुंपणापाशी उभे राहिलो. भाचीनं गाडी झोकात सुरू केली. गिअर झकास टाकले, वळणही सुरेख घेतलं. खोटं कशाला बोलू, मलाच क्षणभर वाटलं की आपण उगाच घाबरलो. मग म्हाताऱ्यांनी समोर हात करून सांगितलं, “त्या फाटकापाशी थांबवा.”

भाचीनं अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला, पाठ ताठ केली आणि वाट बघत बसली. ती हेच शिकली होती. पाय काढायचा, ताठ बसायचं, की गाडी थांबते. माझ्या शेजारी भाऊजींनी उजवा बूट जमिनीत रोवला होता. सगळा जोर लावून ते माती दाबत होते. गाडी अर्थातच त्यांचं ऐकत नव्हती. शेवटी म्हाताऱ्यांनी हँडब्रेक ओढला, तोवर व्हॅन फाटकाला जाऊन टेकली आणि फाटकाची एक पट्टी वाकली. लागलं कुणालाच नाही.

म्हातारे खाली उतरले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, “पोरी, तू कुणाची तरी वाट बघत होतीस. कुणाची?”

भाचीनं वळून कुंपणाकडे पाहिलं. भाऊजींचा बूट अजून मातीतच होता. तिला सगळं कळलं. माझ्याच्यानं तिच्याकडे बघवेना.

“माझ्या जागी माणूस मिळेपर्यंत मी आहे इथं,” म्हातारे म्हणाले. “शिकून ये.”

पेढीमागं मोकळं मैदान होतं. भाचीनं भाऊजींना आमची पांढरी गाडी तिथं आणायला लावली आणि म्हणाली, “बाबा, तुम्ही मागं बसा. पुढं कुणी बसायचं नाही.” आम्ही तिघं मागं दाटीवाटीनं बसलो. गाडी निघाली आणि माझे व्हेरीगुड भाऊजी, ज्यांनी जन्मात कुणाला टोकलं नव्हतं, ते जिवाच्या आकांतानं ओरडायला लागले. “ब्रेक! अगं ब्रेक दाब! आत्ता, आत्ता! देवा रे!” गाडी धक्का खाऊन बंद पडली. ताईचं डोकं पुढच्या सीटवर आपटलं.

भाचीनं आरशातून विचारलं, “बाबा, कशी चालवते मी?”

भाऊजींच्या ओठांपर्यंत ‘गुड’ आलेलं मला स्पष्ट दिसलं. त्यांनी ते गिळलं.

“तुला गाडी थांबवता येत नाही, बाळा.”

“मग शिकवा ना.”

“मला शिकवता येत नाही,” भाऊजी म्हणाले. “इतकी वर्षं मी शेजारी बसून सगळ्यांच्या गाड्या चालवल्या. समोरच्याचा चेहरा पडलेला मला बघवत नाही गं.”

मला त्यांची कीव आली. पण राग त्याहून जास्त आला, आणि तो अजून गेलेला नाही. स्वतःला चेहरे बघवत नाहीत म्हणून या माणसानं पोटच्या पोरीला फाटकावर नेऊन आदळलं.

दुसऱ्या दिवशी भाची बाजारातल्या दुसऱ्या स्कूलमध्ये गेली. तिथं एक बाई शिकवतात, जन्मभर बस चालवलेल्या. लोक त्यांना ‘करवत’ म्हणतात. भाची घरी येऊन आम्हाला सांगायची, “आज म्हणाल्या, गाढव आहेस.” “आज म्हणाल्या, तुझ्यापेक्षा म्हैस रस्ता नीट ओलांडते.” भाऊजींचा घास अडकायचा. “असं बोलतात का कुणाच्या मुलीला? मी जाऊन जाब विचारतो!” ते चप्पल घालून दारापर्यंत जायचे आणि परत यायचे. भाची मात्र पानातलं सगळं संपवून उठायची.

पुढं तिनं स्वतःहून पेढीत फोन केला आणि पुन्हा चाचणी मागितली. आम्ही तिघं परत कुंपणापाशी. गेल्या वेळचंच फाटक, नवी पट्टी बसवलेलं. व्हॅन फाटकाच्या दिशेनं आली आणि हातभर अलीकडे थांबली. भाऊजींनी डोळे गच्च मिटले होते, त्यामुळे ते त्यांना दिसलंच नाही. म्हातारे उतरले, भाचीला काहीतरी म्हणाले आणि आत निघून गेले.

भाची आमच्याकडे आली. तिचा कुडता घामानं पाठीला चिकटला होता.

“काय म्हणाले?” भाऊजींनी विचारलं.

“म्हणाले, बरं आहे. उद्यापासून ये.”

भाऊजींचा चेहरा पडला. “बरं? नुसतं बरं?”

“हो,” भाची म्हणाली. “पण ब्रेक मी दाबला होता.”