ज्या खाडीत म्हातारा मासा नाही

हुडकेश्वरहून ऑटोने स्टेशन गाठलं, तेव्हा पिशवीत भिवापुरी तिखट होतं आणि मनात थोडी धाकधूक. केस पांढरे झाले तरी मी समुद्र पाहिला नव्हता. भावाची मुलगी वैदेही कोकणात मासळीचा अभ्यास करते. समुद्रात कोणती मासळी किती उरली आहे आणि किती पकडली तर पुढची पिढी टिकेल, हे ती शोधते. तिच्याकडेच निघाले होते.

दुसऱ्या दिवशी एसटीतून उतरले. समोर खाडी आणि तिच्या तोंडाशी समुद्र. धक्क्यावर जाळी वाळत होती, पण वर एकही पक्षी नव्हता. न्यायला आलेल्या वैदेहीला विचारलं.

"आता येत नाहीत, आत्या. त्याइले खायले भेटत नाही," ती म्हणाली.

ज्यांच्या घरी ती राहते ते दामोदरभाऊ तांडेल (होडीचे प्रमुख) आहेत. मासळी का मिळेनाशी झाली ते पाहा म्हणून त्यांनीच तिला गावात आणलं होतं. तिन्हीसांजेला त्यांनी आम्हाला होडीत घेतलं. चढताना माझी एक चप्पल चिखलात रुतली ती कायमचीच.

खाडीच्या तोंडाशी त्यांनी इंजिन बंद केलं. या दिवसांत ढोमा मासा इथे अंडी घालायला येतो आणि पोटातली पिशवी वाजवून घुमतो, असं त्यांनी सांगितलं. त्यांच्या लहानपणी होडीच्या फळीला कान लावला की खालून ढोल वाजल्यासारखं ऐकू येई. वैदेहीने पाण्यात माईक सोडला आणि हेडफोन माझ्या कानांवर ठेवले. कढईत तेल तडतडावं तसा बारीक आवाज येत होता. बाकी काही नाही. त्या एवढ्या पाण्याखाली कोणीच नाही, असं वाटलं. मी हेडफोन काढून दिले.

जाळं ओढलं तर त्यात काचेसारखे थुलथुलीत जेलीफिश आणि मूठभर ढोमे. सगळे एका मापाचे, बोटाएवढे.

सकाळी वैदेहीने माशाच्या कानातला खडा सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. झाडाच्या खोडासारखी त्यातही वर्षांची वलयं असतात. या खड्यात एकही पूर्ण वलय नव्हतं. कितीतरी महिने ती असे खडे पाहत होती.

"मोठा मासाच नाही उरला, आत्या. एकदाही अंडी घालायच्या आधीच सगळे जाळ्यात जाऊन राहिले."

दुपारी दामोदरभाऊंच्या बायकोने चिंचेचं कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली. वाटीतल्या त्या इवल्या माशाला माझा हात लागेना.

संध्याकाळी देवळापुढे गाव जमलं. वैदेहीने सुचवलं की विणीच्या महिन्यांत खाडीचं तोंड मोकळं ठेवा आणि बारीक जाळी बंद करा. दामोदरभाऊंचा धाकटा भाऊ उठला. आम्ही सोडलेली मासळी बाहेरचे ट्रॉलर नेतील, मग आम्ही खायचं काय, असं त्याने विचारलं. ते खोटं नव्हतं. मासे परततीलच याची खात्री मी देऊ शकत नाही, एवढंच वैदेही म्हणाली.

मग दामोदरभाऊ शांतपणे म्हणाले, "काल मी फळीला कान लावून बसलो होतो. भीती वाटली. माझं जाळं यंदा खाडीत पडणार नाही."

एकेक करून बहुतेकांनी हात वर केले. धाकट्या भावाने नाही केला. तो उठून निघून गेला.

परतीच्या गाडीत वर्ध्याच्या पुढे नांगरलेली वावरं दिसली. जमीन ओसाड पडली तर कोणालाही दिसते. पाण्याचं तसं नाही. त्या धक्क्यावर उभं राहून जन्मभर पाहिलं असतं, तरी मला काही कळलं नसतं.

दादाने फाटक उघडलं.

"कसा होता वं समुद्र?"

"भरलेला दिसते गा, दादा," मी म्हटलं.