सुडोकूचा तास

सुडोकू म्हणजे गणित नव्हे, हे मी नोकरीत असताना वर्गातही सांगायची आणि घरीही. मालवणात हायस्कुलात मी जन्मभर गणित शिकवलं. आमच्या ह्यांचं बाजारपेठेत कापडाचं दुकान होतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की हे पेपरातलं सुडोकू समोर घेऊन बसत. शाळा सुटल्यावर मी दुकानात डोकावले की मान वर न करता म्हणत, "थांब गो, सात खंय जाता ताच कळना नाय." मला राग येई. मी म्हणायची, "ह्यात बेरीज नाय, वजाबाकी नाय. आकड्यांच्या जाग्यार नऊ भाजयो मांडल्यात तरी ह्यांच कोडां होतला." त्यावर हे शांतपणे म्हणत, "भाजयो सांजेक कुसतत. आकडे कुसनत नाय."

गेल्या थंडीत ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला, दुकानातच. उजवी बाजू गेली, वाचा गेली. गोव्याला इस्पितळात नेलं, पुष्कळ दिवस ठेवलं आणि परत आणलं. डॉक्टर म्हणाले, डावा हात थोडा हलतोय, पातळ दिलेलं गिळता येतंय. समज किती उरली आहे ते मात्र सांगता येणार नाही. मी विचारलं, "ऐकू येतं?" म्हणाले, "येत असावं." "आणि कळतं?" त्यावर ते म्हणाले, "ते तुम्हालाच घरी हळूहळू लक्षात येईल."

मला तेवढंच हवं होतं. हे चालावेत, बोलावेत असं मी देवाकडेसुद्धा मागितलं नाही. आत आहेत की नाहीत, एवढं कोणीतरी मला सांगावं. समोर खाटेवर नवरा आहे, डोळे उघडे आहेत, आणि तो आहे का म्हणून विचारत फिरायचं, अशी पाळी वैऱ्यावरही येऊ नये.

माझ्या मोठ्या नणंदेला, अक्काला, असले प्रश्न पडत नाहीत. तिने गावी जाऊन देवळात कौल लावला. मूर्तीला ओल्या पाकळ्या लावून गाऱ्हाणं घालायचं आणि आधी उजवीकडची पडते की डावीकडची ते बघत उभं राहायचं. उजवी पडली. "देवान उजवो कौल दिल्यान," ती म्हणाली, "गणपतीपर्यंत तो चलतलो." मी म्हटलं, "अक्का, देवळात वारोच उजवीकडसून येता." ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. पेजेसाठी घरचे उकडे तांदूळ मात्र पाठवत राहिली.

मी ह्यांना पेपर वाचून दाखवायची. पण बातम्या वाचता वाचता माझाच आवाज मला परका वाटे. भिंतीला वाचून दाखवल्यासारखं होई. एके दिवशी बातम्या सोडून मी मागच्या पानावरचं सुडोकू काढलं. सोडवायचं म्हणून नाही, ह्यांच्या आवडीची जागा बघावी म्हणून. आणि कधी पेन्सिल हातात घेतली ते कळलंही नाही.

इतकी वर्षं मी ज्याला नावं ठेवली त्याने मला धरून ठेवलं. पाचला जायला जागा शोधायची. ह्या आडव्या ओळीत नाही, ह्या उभ्या रांगेत नाही, ह्या चौकटीत आधीच बसलाय. एकेक वाट बंद होत जाते आणि शेवटी एकच घर उरतं. तिथे पाच लिहिला की कोणी म्हणत नाही, "असावा" किंवा "लक्षात येईल." पाचच. त्या वेळात कुशी बदलायची, चादर धुवायची, औषध संपलं, यांतलं काही डोक्यात येत नसे. कोडं सुटलं की मी उठताना गुणगुणत असे. आपण गुणगुणतोय हे ध्यानात आल्यावर गप्प होई, कारण घरात तसं माणूस पडलेलं.

शिमग्याच्या सुमाराची गोष्ट. ह्यांचा डावा हात माझ्या हातात होता आणि मी सहज मोठ्याने म्हणत होते, "हंय काय येतला सांगा बघूया? एक, दोन, तीन, चार..." चारला ह्यांनी हात दाबला. त्या घरात चारच येत होता.

पुढच्या घराला पुन्हा विचारलं. सहाला दाबला. सहाच.

मी रडले, हसले, स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले आणि परत येऊन तिसरं घर विचारलं. तेही बरोबर. हे आत होते. खाटेवर आडवे पडून, तोंडातून अवाक्षर न काढता सुडोकू सोडवत होते. दुकानातसुद्धा ह्यांच्याकडून इतकं बिनचूक कधी सुटलं नव्हतं, हे तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

मग रोज दुपारी पेज भरवून झाली की आमचा तास भरे. मी शिस्तीची बाई. उत्तर आपल्याला ठाऊक असल्याशिवाय वर्गात प्रश्न विचारू नये, हा माझा नोकरीभराचा नियम. म्हणून सकाळीच मी एकटी बसून कोडं वहीत उतरवून सोडवून ठेवी आणि दुपारी ह्यांना एकेक घर विचारी. सकाळी माझं सुख, दुपारी आमचं. सांगायला लाज वाटते, पण झटक्याच्या आधीच्या कितीतरी वर्षांत आम्ही रोज इतका वेळ एकमेकांजवळ बसलो नव्हतो. मी सगळ्यांना सांगत सुटले. अक्का म्हणाली, "बघ, मी काय सांगलय?" आणि ह्या वेळी मी वाद घातला नाही.

मे महिन्यात लेक पुण्याहून आली. तिलाही फोनवर सांगून झालं होतं. तिची मालवणी पुण्यात सुटली, आणि असल्या कोड्याबिड्यांच्या वाटेला तर ती कधी गेलीच नव्हती. तिला धड नियमही माहीत नाहीत. "आई, आज मी बसते बाबांजवळ," म्हणाली. "मला यातलं काही कळत नाही. बाबा सांगतील ते लिहीन." मी आत सोलकढीसाठी खोबरं वाटत होते आणि माजघरातून तिचा आवाज ऐकत होते. एक, दोन, तीन... "चार? बरं, लिहिला चार." पुन्हा एक, दोन... मध्येच हसायची. मला वाटलं, लेकीला बाप परत मिळाला.

चहा घेऊन गेले तर तिने पेपर माझ्यापुढे धरला. डोळे भरलेले. "बाबा भराभर सांगतात गं."

पहिल्याच ओळीत चार हा आकडा तीनदा होता. खालच्या ओळीत छापलेल्या दोनच्या शेजारीच तिने दोन लिहिला होता. कागदभर जमेल तिथे जमेल ते. शाळेत असं कोणी लिहून दिलं असतं तर मी वही भिरकावली असती. मी म्हटलं, "छान. चहा घे." दुसरं काय म्हणणार होते?

दुसऱ्या दिवशी ती आंबे आणायला बाजारात गेली तेव्हा मी दार लोटून ह्यांच्याजवळ बसले. त्या दिवशीचं कोडं मी मुद्दाम बघितलं नव्हतं. डोळे मिटले, हात सैल ठेवला आणि एकापासून नऊपर्यंत एका सुरात म्हटलं. काही नाही. पुन्हा म्हटलं. काही नाही. मग तीन म्हणताना मी आपणहून त्यांचा हात थोडासा दाबला. त्यांनी दाबला. आठला दाबला. त्यांनीही आठला दाबला. मग आकडा न म्हणताच मी दाबला, तरी त्यांनी दाबला. तान्ह्या मुलाच्या मुठीत बोट दिलं की ते धरतं, तसं.

तोंडी परीक्षेत पोरं उत्तर पुस्तकातलं देत नाहीत, बाईंच्या तोंडावरून वाचतात, हे मीच नव्या शिक्षिकांना सांगत आले. बरोबर उत्तरापाशी आपला आवाज जरा थांबतो, भुवई हलते. माझा हात आवळला जात होता. सकाळी सोडवलेलं कोडं मीच दुपारी माझ्याच हाताने मला सांगत होते. अक्काच्या पाकळीला मी हसले. तिची पाकळी निदान ती स्वतः पाडत नव्हती.

लेकीला मी सांगितलं नाही. ती आनंदात पुण्याला गेली. गणपती आले आणि गेले. अक्का आता म्हणते, देवाने कुठला गणपती ते सांगितलं नव्हतं.

सुडोकू मी सोडलेलं नाही. पेपर आला की पडवीत बसते. अजूनही पाच आपल्या घरात जाऊन बसला की बरं वाटतं. पूर्वीइतकंच वाटतं, आणि त्याचंच मला भय वाटतं, कारण त्या तासात आत कोणी पडलंय हे मी विसरलेली असते. उठल्यावर ते पुन्हा पहिल्यांदाच कळल्यासारखं होतं.

संध्याकाळी लेकीचा फोन येतो. "आज बाबांनी सोडवलं?"

"सोडवलं."

"सगळं?"

"एक घर चुकलं," मी म्हणते. फार बिनचूक गृहपाठ कॉपी केलेला असतो, हे मला माहीत आहे.

खरं कोणाजवळ बोलावं ते कळत नाही. अक्काला सांगितलं तर ती आणखी एक कौल लावील. लेकीला सांगायचं तर तिचा बाप मी दुसऱ्यांदा नेल्यासारखं होईल. लग्न झाल्यापासून मनातलं जे काही असेल ते मी एकाच माणसाला सांगत आले आहे. म्हणून परवा दुपारी पेज भरवून झाल्यावर मी त्यांच्याजवळ बसले, हात हातात घेतला आणि त्यांनाच सांगितलं, "तुमी आता हंय नाय, तां माका कळलां."

सांगताना माझा हात आवळला गेला. त्यांनीही आवळला.