शेवटच्या शब्दाची वाट बघणारे मामा

भर मे महिन्यात, अकोल्यात, दुपारी पंखा आणि कूलर दोन्ही बंद करून आनंदात बसणारा माणूस जगात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा आहे. वकिली सोडल्यावर लोक देवधर्माला लागतात. मामा प्राचीन ग्रीकला लागले. अमरावतीच्या एका रद्दीच्या दुकानात त्यांना कव्हर नसलेलं व्याकरण सापडलं आणि तेव्हापासून घरात आलेली एकही लग्नपत्रिका धड राहिली नाही. पत्रिकेच्या कोऱ्या पाठीच्या चिठ्ठ्या कापायच्या, एकेकीवर एकेक ग्रीक शब्द लिहायचा आणि अख्खं वाक्य दिवाणावर मांडायचं. वारा लागला की वाक्य उडतं, म्हणून पंखा बंद. मी एकदा घाम पुसत दिवाणावर टेकलो, तो नेमका क्रियापदावर. मामांनी मला दंडाला धरून उठवलं आणि मगच अमरावतीहून कधी निघालो ते विचारलं.

त्या भाषेत म्हणे शब्द बराचसा मनाला येईल तिथे बसतो. कुणी कुणाला काय केलं ते त्याच्या शेपटावरून कळतं. विशेषण मांडवाच्या दारात येऊन उभं राहतं आणि त्याचं नाम शेवटच्या पंगतीला उगवतं. तोवर आपण काय करायचं, असं मी विचारलं. "कायी नाई. थांबाचं," मामा म्हणाले. "घाई केली का अर्थ गेला."

हे थांबणं त्यांच्या अंगातच मुरलं. भाजीवाल्याने भाव सांगितला तरी ते त्याच्या तोंडाकडे बघत उभे. तो बिचारा घाबरून आणखी खाली यायचा. फोनवर आपलं बोलून झालं की पलीकडे इतकी शांतता, की लाइन कटली असं वाटावं. आम्ही सगळे हसायचो.

मग गेल्या वर्षी मामींना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय सावरले, पण बोलणं विस्कटलं. शब्द एकेक यायचे, मधे मोठा खंड पडून, भलत्याच जागी. आम्ही मायेपोटी त्यांचं वाक्य पुरं करून टाकायचो आणि मामी डोळे मिटून घ्यायच्या. पुण्याहून त्यांचा मुलगा आला. आईला उपचारांसाठी घेऊन जातो, तिथलं घर लहान आहे, बाबा इथंच बरे, असं ठरवूनच आला होता. त्याने आईला विचारलं.

"पुण्याले... जाईन..." मामी म्हणाल्या.

त्याने लगेच तिकिटासाठी फोन काढला. मामांनी हात वर केला. "थांब. तिचं सरलं नाई अजून."

आम्ही थांबलो. मामींचे ओठ हलत होते. "संगं..." एवढंच आलं, आणि पुन्हा काही नाही. मुलगा चुळबुळला, मी घड्याळाकडे बघितलं. मामा मात्र पुढे वाकून, पापणीही न हलवता बसले होते. कितीतरी वेळाने मामींनी त्यांच्याकडे मान वळवली.

"...यायच्या."

यायच्या म्हणजे यांच्या, मामांच्या. मुलाने आईबरोबर बाबांचंही तिकीट काढलं. कुठला शब्द कुठे का बसतो यावर तासभर बोलणारे मामा चष्मा काढून नुसता हातात धरून राहिले.

आता दोघंही पुण्यात आहेत आणि माझं अकोल्याला जाणं जवळजवळ संपलंच. त्या दिवशी मी मामांकडे थक्क होऊन बघत होतो, हे खरं. पण हेवा वाटला तो मामींचा, त्यांच्या शेवटच्या शब्दासाठी कुणी थांबतं याचा, आणि तो अजून वाटतो.